गोव्यात जुनी माउंटन बाइक कशी शोधावी, जपावी आणि विकावी

जुन्या माउंटन बाइकला नवा रंग मारू नका. बाकीचा लेख वाचला नाहीत तरी चालेल, पण एवढे लक्षात ठेवा. कारखान्यातला रंग, त्यावरचे स्टिकर आणि हँडलपासून पेडलपर्यंतचे भाग मूळचेच असतील, तर सायकल जागोजागी खरचटलेली असली तरी संग्राहक तिच्यासाठी दुसऱ्या राज्यातून येतो. तीच गाडी नव्या रंगात चकचकीत दिसली की तो दोन प्रश्न विचारतो आणि निघून जातो. आपल्याकडे जुनी वस्तू हातात आली की आधी तिला रंगवायची सवय आहे. या छंदात ती सवय सगळ्यात महाग पडते.

कोणती सायकल जुनी म्हणायची

१९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन डोंगर उतरत, तिथून या सायकलींची सुरुवात झाली. त्यांच्यातल्याच जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये खास डोंगरासाठी फ्रेम बांधली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजंपर आली आणि माउंटन बाइक मोठ्या प्रमाणावर कारखान्यात बनू लागली. पुढच्याच वर्षी शिमानो या जपानी कंपनीने डोंगरी सायकलसाठी डिओर एक्सटी हा सुट्या भागांचा संच काढला. तेव्हापासून साधारण १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या, २६ इंची चाकांच्या पोलादी गाड्यांना आज सर्वाधिक मागणी आहे.

गोव्यात अशा गाड्या दोन वाटांनी येतात. काही परदेशी पाहुण्यांनी इथेच सोडलेल्या, किंवा तारवटी (जहाजावर नोकरी करणाऱ्या) आणि आखातातल्या नातेवाइकांनी घरच्या मुलांसाठी आणलेल्या. बाकीच्या आपल्या देशी, म्हणजे हिरो, हर्क्युलिस, बीएसए यांच्या नव्वदच्या दशकातल्या गाड्या. देशी गाडीला किंमत कमी मिळते हे खरे. तरी माझे मत असे, की मूळ स्टिकरसकट सापडलेली देशी गाडी हातची सोडू नये. त्या गाड्या शाळा, दूध, बाजार असे करत झिजेपर्यंत वापरल्या गेल्या, त्यामुळे अखंड उरलेली गाडी क्वचितच दिसते.

शोध कुठे घ्यायचा

चवथीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस उत्तम. घरोघरी रंगरंगोटी चालू असते, माळे आणि मागच्या पडव्या रिकाम्या होतात आणि नको असलेले सामान अंगणात येऊन पडते. ओळखीच्या घरी सरळ विचारावे, "काकी, माळ्यावर एखादी जुनी गियरची सायकल पडून आहे काय?" नाताळच्या आधी ख्रिस्ती शेजाऱ्यांकडेही अशीच साफसफाई निघते. हणजूणचा बुधवारचा बाजार आणि म्हापशाचा शुक्रवारचा बाजार अधूनमधून पाहावा, पण खरे भांडार गावातल्या जुन्या सायकल दुरुस्तीवाल्याकडे असते. कोणाच्या घरी कोणती गाडी आहे आणि तिचा कोणता भाग केव्हा बदलला, हे त्याला तोंडपाठ असते. त्याच्याकडे पंक्चर काढून घ्या, चहा घ्या, घाई करू नका.

सायकलला आरसी नसते. म्हणून घेताना साध्या कागदावर फ्रेम नंबर, तारीख, रक्कम आणि देणाऱ्याची सही घ्या. नंबर बहुधा पेडलची धुरी ज्या नळकांड्यात बसते, त्याच्या खालच्या अंगावर कोरलेला असतो. देणारा सही करायला टाळाटाळ करत असेल तर गाडी कितीही चांगली असो, घेऊ नका.

मूळ आहे की नाही, कसे ओळखायचे

शिमानोच्या भागांवर दोन इंग्रजी अक्षरे ठोकलेली असतात. क्रँकच्या, म्हणजे पेडल ज्याला जोडलेले असते त्या दांड्याच्या, मागच्या बाजूला किंवा गियरच्या आतल्या अंगाला चिंधी फिरवली की ती दिसतात. पहिले अक्षर वर्षाचे: ए म्हणजे १९७६, पुढे दर वर्षी एक अक्षर, झेड म्हणजे २००१, आणि २००२ पासून पुन्हा ए. दुसरे अक्षर महिन्याचे, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर. 'ओ जी' दिसले तर तो भाग जुलै १९९०चा. क्रँक, पुढचा गियर, मागचा गियर आणि ब्रेक यांच्या तारखा एकमेकींपासून काही महिन्यांच्या अंतरात असतील तर गाडी कारखान्यातून निघाली तशीच आहे असे मानायला हरकत नाही. एकाच भागाची तारीख चार वर्षांनी पुढची निघाली तर तो बदललेला आहे. शिमानोचे व्ही-ब्रेक (चाकाच्या कडेला दोन्ही बाजूंनी दाबणारे, लांब हातांचे ब्रेक) १९९६ च्या सुमारास आले, त्यामुळे १९९० च्या गाडीवर ते दिसले तर पुढचे सांगायला नको.

मग लोहचुंबक घ्या. पोलादी नळीवर तो सगळीकडे सारखा चिकटला पाहिजे. मध्येच पकड सुटली तर तिथे पुट्टी भरून खड्डा लपवला आहे.

खारा वारा आणि सीटपोस्ट

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि किनारपट्टीला बारमाही खारा वारा. वरून धड दिसणारी फ्रेम आतून कुजलेली असू शकते. सौदा करण्याआधी गाडी उलटी करा आणि पेडलच्या धुरीजवळ, जिथे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्या जोडल्या आहेत, तिथे पान्याच्या मुठीने हलके ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला किंवा आतून लाल भुकटी गळली तर किंमत निम्म्यावर आणा, नाहीतर हात जोडून घरी या.

दुसरी परीक्षा सीटपोस्टची, म्हणजे सीट ज्यावर बसते त्या दांड्याची. पोलादी नळीत ॲल्युमिनियमचा दांडा वर्षानुवर्षे तसाच राहिला की खाऱ्या दमट हवेत दोन धातूंच्या मध्ये पांढरा क्षार धरतो आणि दांडा नळीत घट्ट बसतो. तो सोडवायला चिकाटी लागते. आधी त्यावर व्यासाचा आकडा आहे का पाहा, असला तर टिपून ठेवा. मग गाडी उलटी टांगा, पेडलची धुरी काढा आणि त्या बाजूने सीटच्या नळीत गंज सोडवणारे तेल ओता. दोन-तीन दिवस रोज थोडे तेल घाला. नंतर दांड्याभोवती कापडात बांधलेला बर्फ धरा. थंडीने ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त आकसते आणि तेलाला आत शिरायला वाट मिळते. एखादी टाकाऊ सीट दांड्यावर घट्ट बसवा आणि तिलाच धरून दोन्ही बाजूंना थोडे थोडे फिरवा. पहिल्यांदा कर्र असा आवाज येतो, मग केसभर हालचाल जाणवते. तिथे थांबा, पुन्हा तेल घाला. पाइप पाना लावून जोर केला तर दांड्यावर दातांच्या खुणा उमटतील आणि मूळ भाग हातचा जाईल. इतके करूनही सुटला नाही तर तसाच राहू द्या आणि विकताना तसे सांगा. सुटला तर परत बसवण्याआधी दांड्याला ग्रीसचा पातळ थर द्या.

सफाई

आपल्याकडे दुकानात सायकल रॉकेल किंवा डिझेलने धुतात. स्टिकर असलेल्या गाडीला ते लावू नका, पेट्रोल आणि थिनर तर मुळीच नको. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ सुती कापड पुरे. क्रोमवरचा वरवरचा गंज ॲल्युमिनियमच्या घरगुती फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून घासला की निघतो. धुरीतले छर्रे आणि त्यांना जागेवर धरणारे कोन काढून जुने वाळलेले ग्रीस पुसा आणि नवे भरा. शेवटी रंगावर मोटारगाडीला लावायचे मेण हलक्या हाताने लावा.

टायर, चेन, केबल आणि ब्रेकचे रबर झिजणारच, ते बदलले म्हणून गाडीचे मोल जात नाही. पण काढलेले टायर आणि हँडलच्या मुठी फेकू नका. तडे गेलेले मूळ टायरसुद्धा पिशवीत घालून, नाव लिहून ठेवा. घेणारा ते आवर्जून मागतो.

पावसाळ्यात गाडी जमिनीवर उभी करू नका. भिंतीपासून हातभर दूर, आतल्या खोलीत टांगा. प्लास्टिकने गुंडाळू नका, आत पाणी सुटते. जुनी सुती चादर बरी.

विकताना

किंमत ठरवताना लोक किती मागतात ते पाहू नका, किती रुपयांना खरोखर विकली गेली ते पाहा. मागितलेल्या किमती महिनोन्‌महिने तशाच लटकत असतात.

फोटो सकाळच्या सावलीत, साध्या चिऱ्याच्या भिंतीपुढे काढा. चेनच्या बाजूने पूर्ण गाडी, फ्रेम नंबर, पुढची कंपनीची पाटी, क्रँकवरची तारखेची अक्षरे, आणि प्रत्येक ओरखडा व पोचा जवळून. दोष आधी दाखवणाऱ्या विक्रेत्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते. मजकुरात सीटच्या नळीची लांबी लिहा, कारण घेणाऱ्याला गाडी आपल्या उंचीची आहे का हेच आधी कळायला हवे असते. बदललेल्या प्रत्येक भागाची स्वतंत्र यादी द्या. नीट चालणारी गाडी सुटे भाग करून विकण्याच्या मी ठाम विरोधात आहे. पैसे थोडे जास्त येतात, पण एक अखंड गाडी कायमची संपते.

पुण्याला किंवा बंगळूरला पाठवायची असेल तर सायकलच्या दुकानातून नव्या गाडीचे रिकामे खोके आणा. पेडल काढताना पाना वर धरून मागच्या चाकाकडे ढकला, म्हणजे दोन्ही बाजूंना बरोबर सुटते. डावे पेडल उलट्या आट्याचे असते, हे न कळल्याने किती तरी क्रँकचे आटे गेले आहेत. पुढचे चाक काढल्यावर फोर्कच्या, म्हणजे ते चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, दोन टोकांमध्ये लाकडाचा तुकडा अडकवा, नाहीतर वाटेत दाबून ती वाकतात. मागचा गियर सोडवून नळ्यांच्या आत कापडात बांधा, टायरमधली निम्मी हवा काढा. खोक्याच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे पत्ता लिहा आणि मडगावहून रेल्वे पार्सल केलेत तर पावतीचा फोटो त्याच दिवशी घेणाऱ्याला पाठवा.