मणक्याच्या रुग्णाचं डोकं अचानक ठणकलं, तर या चुका टाळा

मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला असतो. झाडावरून किंवा विहिरीत पडून मान-पाठ मोडलेला माणूस बाजेवर असतो. एकाएकी त्याचं डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, कपाळावर घाम फुटतो. घरचे म्हणतात, ऊन लागलं. उशी काढून सपाट निजवतात, कैरीचं पन्हं पाजतात. इथंच घात होतो.

छातीच्या सहाव्या मणक्याजवळ किंवा त्याच्या वर मज्जारज्जूला इजा असेल, तर हा ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया, म्हणजे बीपी एकाएकी धोकादायक चढण्याचा प्रकार, असू शकतो. इजेच्या खाली शरीरात काही तुंबलं वा टोचलं तर रुग्णाला कळत नाही, पण नसा चेतवल्या जातात आणि रक्तवाहिन्या आवळतात. त्यांना सैल करणारा मेंदूचा निरोप इजेच्या खाली पोचत नाही. बीपी चढत जातं. झटके येऊ शकतात, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. नाडी मात्र बऱ्याचदा मंद लागते आणि इजेच्या खाली अंगावर काटा येतो. तो बघून गोधडी पांघरू नका.

आधी बसवा. पाठीला टेकू द्या, पाय बाजेखाली सोडा. बीपी थोडं उतरायला तेवढ्यानंही मदत होते. नाडा, पट्टा, मोजे, लघवीच्या पिशवीचा पायाला बांधलेला पट्टा सैल करा.

मग लघवीची नळी बघा, कारण बहुतेक वेळा दोष तिथंच सापडतो. नळी मांडीखाली दबलीय का? पिळा पडलाय का? पिशवी काठोकाठ भरलीय का? लघवी उतरतच नसेल तर नळी बदलावी लागते. ओटीपोट दाबून लघवी काढायला जाऊ नका, बीपी आणखी उसळतं. नळी ठीक असेल तर शौचाचा खडा, बेडसोर (पडून पडून झालेली जखम), बोटात रुतलेलं नख, अंगाखाली आलेली चादरीची घडी तपासा.

बीपी १३० भरलं म्हणून निर्धास्त होऊ नका. अशा रुग्णांचं वरचं बीपी एरवीच ९० ते ११० असतं. त्यापेक्षा २० ते ४० ने वाढलं तरी धोका समजा. दर पाच मिनिटांनी मोजा. नुसती डोकेदुखीची गोळी देऊन वाट बघू नका.

कारण सापडेना किंवा बीपी उतरेना, तर १०८ ला फोन लावा आणि गाडीतही बसवूनच न्या. नेहमीचं बीपी आणि आजाराचं नाव डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहून ठेवा, आरोग्य केंद्रात ते आधी दाखवा. शरीरसंबंधासाठी घेतात ती सिल्डेनाफिलसारखी गोळी एक-दोन दिवसांत घेतली असेल, तर लाज न धरता डॉक्टरांना सांगा. त्यावर बीपी उतरवायचं नायट्रेट दिलं गेलं तर जिवावर बेतू शकतं.