कांद्याचा कंटेनर भरण्याआधी संचालकांपुढे ठेवायचा कागद

निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या निर्यातीची कागदपत्रं मी सांभाळते. बैठकीत हमखास विचारलं जातं, "ताई, सरकार निर्यातबंदी घालेल का?" या प्रश्नाच्या नादी लागू नका. दिल्लीत ओळख असलेला एक संचालक प्रत्येक मंडळात असतोच. त्यांचं ऐकून घ्यावं, पण त्यावर गाडी भरू नये. तुम्ही उलट विचारा: आज रात्री अधिसूचना निघाली तर आपला माल कुठे असेल?

2023 चंच बघा. ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याहून कमी भावात माल बाहेर पाठवता येत नाही), डिसेंबरमध्ये थेट बंदी. शुल्क आपल्या नफ्यावर येतं, म्हणून नवं शुल्क कोण भरणार हे सौद्यातच लिहून घ्या. किमान मूल्य गिऱ्हाईक तोडतं: 800 डॉलर म्हणजे तेव्हाच्या दराने किलोला साधारण 67 रुपये. त्या भावात कोण टिकेल, त्याची यादी आधीच हवी.

बंदीत माल अडकतो. डिसेंबरच्या अधिसूचनेत सवलत होती, पण जहाजावर भरणी सुरू झालेल्या, शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम्सचा अर्ज) भरून जहाज बंदरात आलेल्या किंवा कस्टम्सच्या ताब्यात देऊन नोंद झालेल्या मालाला. न्हावा शेवा बंदराच्या रस्त्यावरचा कंटेनर एरवी त्यात बसत नव्हता. म्हणून कागदावर प्रत्येक कंटेनरपुढे रोज लिहा: पॅकहाऊस (जिथे माल निवडून भरतात), रस्ता की कस्टम्स. पहिल्या दोन ठिकाणी मिळून किती माल असू द्यायचा, याची मर्यादा मंडळाकडून मंजूर करून घ्या. आमचा हिशेब सोपा आहे: तो सगळा माल पडत्या भावात बाजार समितीत विकावा लागला तरी सभासदांचे पैसे चुकते झाले पाहिजेत. अध्यक्षांना हा आकडा नेहमी लहान वाटतो. वाटू द्या.

शहरांतले किरकोळ भाव ग्राहक व्यवहार विभाग रोज देतो, ते बघत चला. एनसीसीएफचा, म्हणजे केंद्र सरकारसाठी कांदा विकणाऱ्या ग्राहक सहकारी महासंघाचा, स्वस्त कांदा विक्रीला आला की मर्यादा निम्मी करा. 2023 मध्ये तो 25 रुपये किलोने निघाला आणि पुढच्या साडेतीन महिन्यांत बंदी आली. अर्थात, सरकार दरवेळी पायरी पायरीनेच येतं असं नाही. सप्टेंबर 2020 मध्ये एकदम बंदीच आली होती.

शेवटचा ठराव अधिकाराचा. अधिसूचना रात्री निघाली आणि अध्यक्षांचा फोन लागला नाही, तर भरणी कोण थांबवणार? त्या माणसाचं नाव ठरावात घाला. आणि त्याने विदेश व्यापार महासंचालनालयाच्या (अशा अधिसूचना काढणारं केंद्राचं कार्यालय) संकेतस्थळावरची अधिसूचना वाचूनच गाडी थांबवायची, व्हॉट्सॲपवरच्या फोटोवरून नाही.