जांभळी आंबुशी : देठ नको, कंद मागा

मामीने जांभळ्या आंबुशीचे सात देठ ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिले. "फुलपाखराचं झाड आहे, कुठेही लाव," एवढंच म्हणाली. मी ते पाण्याच्या ग्लासात ठेवले. चार-पाच दिवसांत पाच देठांनी माना टाकल्या. उरलेले दोन उपसून पाहिले, तर त्यांच्याच बुडाशी करंगळीच्या पेराएवढा, गुलाबीसर, खवल्याखवल्यांचा तुकडा चिकटलेला. तोच कंद. नुसत्या देठाला मुळं फुटतातही कधीकधी, पण कंद असेल तर वाट बघावी लागत नाही. म्हणून कुणाकडे मागायचं तर देठ नको, मुळापासून उकरून दे म्हणावं.

आधी झाड ओळखा. प्रत्येक देठाच्या टोकाला तीन जांभळी त्रिकोणी पानं, टोकं आत एका बिंदूत जुळलेली आणि रुंद कडा बाहेर. बहुतेकांत मधे फिकट जांभळा ठिपकाही असतो. फुलं लहान, पाच पाकळ्यांची, फिकट गुलाबी. नाव ऑक्झॅलिस ट्रँग्युलॅरिस, मूळ दक्षिण अमेरिकेतलं. कुंड्यांत न बोलावता उगवणारी, पिवळ्या फुलांची आंबुशी हिचीच बहीण. आयर्लंडचं तीन पानांचं चिन्ह, शॅमरॉक, म्हणून जे क्लोव्हर दाखवतात, ते मात्र वाटाण्याच्या कुळातलं. त्याची पानं लंबगोल, त्यावर बहुधा पांढरट कमान, आणि फुलांचा गोल गेंद. तरी शंका असेल तर तिन्हीसांजेला कुंडीपाशी उभं राहा. जांभळी आंबुशी पानं खाली मिटून घेते, छत्री मिटावी तशी, आणि सकाळी पुन्हा उघडते. पहिल्या संध्याकाळी झाड वाळलं समजून मी पाणी ओतलं होतं!

लावायला पसरट, भोकाची कुंडी घ्या. मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडी जाड वाळू मिसळा. कंद आडवा ठेवून वर इंचभर माती. उलटसुलट बघत बसू नका, कोंब आपली वाट शोधतो. सहा इंची कुंडीत चार-पाच कंद पुरतात. उजेड भरपूर हवा, दुपारचं कडक ऊन नको. देठ लांबून एका बाजूला लोळायला लागले तर उजेड कमी पडतोय. पाणी वरची माती बोटाला कोरडी लागल्यावरच. ओल तुंबली की कंद कुजतो, आणि हे झाड बहुतेकदा असंच मरतं.

आता माझी खरी चूक. फुलून झाल्यावर एकदा सगळी पानं पिवळी पडून गळाली. गेलं झाड, म्हणून मी कुंडी पालापाचोळ्याच्या ढिगावर उपडी केली. दोनेक महिन्यांनी त्या ढिगातून जांभळ्या घड्या वर आल्या. झाड मेलं नव्हतं, झोपलं होतं. तसं झालं तर पाणी बंद करून कुंडी सावलीत सरकवा. महिना-दीड महिन्यात कोंब दिसले की हलकं पाणी सुरू. कुंडी गच्च भरली असेल तर कंद वेगळे करून वाटायलाही हीच वेळ बरी.

पानांच्या पाठीवर नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग. ती पानं देठासकट काढून फेका, पानांवर पाणी मारू नका. मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी उंचावर ठेवा, कारण पानांतला आंबटपणा ऑक्झॅलिक आम्लाचा असतो आणि तो त्यांना बाधतो.