खडकावरचं लेलिया ऑर्किड: झड लागण्याआधी कुंडी रिकामी करा

ढग जमू लागले असतील तर खत आणि फुलं हे विषय आज बाजूला ठेवा. आधी कुंडीत बोट घालून भराव बघा. काळा, भुसभुशीत, आंबूस वासाचा लागला तर त्यात झाड पावसाळा काढणार नाही. खडकावरची लेलिया उन्हाने क्वचितच जातात. जातात ती कुजक्या भरावात मुळं भिजत राहिल्याने. पानं मात्र महिना-दीड महिना हिरवीच दिसतात, म्हणून माणूस गाफील राहतो.

ही झाडं मुख्यतः ब्राझीलमधल्या मिनास जेराइस राज्यातल्या डोंगरपठारांवरची. (वनस्पतिशास्त्राने आता त्यांना कॅटलिया या दुसऱ्या ऑर्किड-गटात टाकलंय, पण लावणाऱ्यांच्या तोंडी लेलियाच आहे.) दगडाच्या भेगेत मूठभर काडीकचरा, वर कडक ऊन, रात्री दव. पाऊस तिथेही भरपूर पडतो, पण पाणी दगडावर थांबत नाही आणि मुळं काही तासांत सुकतात. आपण नेमकं उलटं करतो: मोठी कुंडी, नारळाचा भुसा, वर शेवाळ, आणि रोज पाणी.

भरावात कुजणारं काही नको. ५ ते ८ मिलिमीटरची खडी, विटांचे तुकडे आणि लाकडी कोळसा चाळून, धुऊन घ्या. बारीक चुरा फेकायचा, कारण तोच तळाशी बसून चिखल होतो. कुंडी मातीची, तळाला मोठी भोकं असलेली, रुंदी ८ ते १० सेंटिमीटर. झाडाला अडचण होतेय असं वाटलं, म्हणजे माप बरोबर आहे. पाकीटबंद ‘ऑर्किड मिक्स’ बहुधा नारळाची सालच असते. ते या झाडाला नको, दुकानदार कितीही शपथ घेवो.

कुंडी बदलायची वेळ नव्या मुळांवरून ठरते. नव्या कोंबाच्या बुडाशी मुळांची टोकं दिसली की लगेच हात घाला, ती बोटभर वाढू देऊ नका, हाताळताना मोडतात. मुळं थांबल्यावर हलवलेलं झाड पुढचा कोंब येईपर्यंत नुसतं बसून राहतं. पण भराव कुजलेलाच असेल तर मुळांची वाट बघू नका, आजच काढा.

बाकीची कामं:
- मेलेली, पोकळ मुळं निर्जंतुक कात्रीने कापा, कापावर दालचिनीची पूड
- झाड तारेने घट्ट बांधा, हलता कामा नये
- चार-पाच दिवस पाणी बंद, सावली
- पानावर काळे डाग: मॅन्कोझेब ७५ टक्के (बुरशीनाशक), लिटरला २ ग्रॅम
- खवले कीड: जुन्या ब्रशने खरवडा, मग कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिली, थोडा साबण घालून, संध्याकाळी
- खत: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच), लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्याला एकदा, फक्त वाढीच्या काळात

झड लागली की कुंडी छपराखाली आणा, वारा मात्र अडवू नका. पाणी सकाळीच, तेही कुंडी उचलून हलकी लागली तरच. माझा एक आडाखा आहे, पुस्तकात नाही: मातीच्या कुंडीवर टिचकी मारा. खणखणीत वाजली तर पाणी द्या, बद्द वाजली तर उद्या बघू. कुंडीवर पांढरी पुटं चढत असतील तर पाणी क्षारांचं आहे. पावसाचं साठवलेलं वापरा.

फुलं येत नाहीत म्हणून टॉनिकच्या बाटल्या विकल्या जातात. कमी असतं ते ऊन. पानांवर तांबूस छटा येईपर्यंत हळूहळू उन्हात सरकवा. गडद हिरवी, लुसलुशीत पानं म्हणजे सावली जास्त. थंडीत खत बंद, पाणी अगदी बेताचं, रात्री गारव्यात ठेवा. पानांखालच्या फुगीर कंदांवर बारीक सुरकुत्या आल्या तर घाबरू नका, खोल खाच पडली तरच पाणी वाढवा.

लाल फुलांचं मिलेराय हे लेलिया लोहखनिजाच्या खडकांवरचं, आणि खाणींनी त्याची जागाच खाल्ली आहे. घेताना बियांपासून वाढवलेलंच रोप मागा, आणि घरी आणल्या दिवशी त्याचा भराव तपासा. रोपवाटिकेतला ओला भुसा मुळांना चिकटलेला असतोच.