गेमचा इन्स्टॉलर मध्येच थांबला तर आधी हे बघा

दुकानात पीसी घेऊन येणाऱ्यांचं नेहमीचं गाऱ्हाणं: "फाइल दोन जीबीची, डिस्कवर पाच जीबी मोकळी, तरी जागा नाही म्हणतो!" दोन जीबी हे घडी घातलेल्या, म्हणजे कॉम्प्रेस केलेल्या फाइलचं माप. उलगडल्यावर ती सहा जीबीही भरू शकते. शिवाय तात्पुरत्या फाइली टेम्प फोल्डरमध्ये पडतात आणि तो बहुधा सी ड्राइव्हवर असतो. म्हणून गेम डीवर टाकायचा असला तरी सी मोकळा करा.

ही घडी घालायची मूळ युक्ती लेम्पेल आणि झिव या दोघांनी १९७७ साली मांडली. वहीत वरचाच मजकूर पुन्हा आला की आपण —॥— अशी खूण करतो ना, तसंच. "इतकं मागे जा, तिथून इतकं उचल" एवढंच फाइलीत लिहायचं. सेव्हन-झिप या घडी घालणाऱ्या-उलगडणाऱ्या प्रोग्रॅमची एलझेडएमए पद्धत फार लांबवर मागे बघते, म्हणून फाइल बारीक होते. पण उलगडताना तो मागचा भाग रॅममध्ये धरून ठेवावा लागतो. तेव्हा ब्राउझर बंद करा आणि पडद्यावरची टक्केवारीची पट्टी हलत नाही म्हणून घाई करू नका. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर किंवा डिस्क राबताना दिसली, तर काम चालू आहे.

"सीआरसी एरर", म्हणजे उलगडलेला मजकूर तपासणीत जुळला नाही, अशी सूचना आली तर? सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर फाइलवर राइट क्लिक करून एसएचए-२५६, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तपासणीचा आकडा, काढा आणि मूळ साइटवर दिलेल्या आकड्याशी ताडून बघा. जुळला नाही तर फाइल पुन्हा उतरवा. अँटिव्हायरस बंद करायला सांगणारा इन्स्टॉलर मात्र मी दुकानात चालवतच नाही.

आकडा जुळूनही अडलं, तर कुठे अडतं ते लिहून ठेवा. गेल्या पावसाळ्यात एका कॉलेजच्या पोराने तीनदा फाइल उतरवली होती. मी तीच फाइल तीनदा चालवली: ४१ टक्के, ६८ टक्के, ५७ टक्के. फाइल खराब असती तर दर वेळी एकाच जागी अडली असती. इथे जागा दर वेळी बदलत होती, म्हणून संशय रॅमवर गेला. रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, पिवळे पाय खोडरबरने पुसले, एकेक लावून बघितली. एक पट्टी गेलेली निघाली. दुसरीवर गेम पहिल्याच फटक्यात बसला.