माईकवरचा लोगो आणि वहीतले सेकंद

पणजीतल्या एका केबल वाहिनीत बातमीदार म्हणून लागलो, तेव्हा डोक्यात कॉलेजमधली समजूत पक्की होती: सरकारी वाहिनी म्हणजे भाट आणि खासगी म्हणजे निर्भीड. ती जेमतेम तीन आठवडे टिकली.

बार्देशातल्या एका गावात डोंगर कापायला सुरुवात झाली होती आणि लोक पंचायतीसमोर जमले होते. मी आमदाराचा, सरपंचाचा आणि दोन ग्रामस्थ बायकांचा बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरची प्रतिक्रिया, घेतला. दोन्ही बाजू आल्या म्हणून स्वारी खूश. परतताना आमचे कॅमेरामन दादा एवढंच म्हणाले, "कोण किती बोललं, ते मोजून बघ रे." एडिटिंगला बसल्यावर मोजलं. आमदार 42 सेकंद, दोघी बायका मिळून 11. आमदाराला ट्रायपॉड लावून, मागे झाडं घेऊन, सावलीत उभं केलं होतं. बायका गर्दीत, हलत्या कॅमेऱ्यात, एकीच्या बोलण्यावर दुसरीचा आवाज चढलेला. पॅकेजचं, म्हणजे जोडून तयार झालेल्या बातमीचं, शेवटचं वाक्यसुद्धा आमदाराचं: चौकशी करू. कुणाचा फोन आला नव्हता, कुणी दबाव आणला नव्हता. हा सगळा झुकाव माझ्या हातचा होता.

संध्याकाळी त्यात आणखी भर पडली. माझ्या स्क्रिप्टमधलं बिल्डरचं नाव जाऊन तिथे 'एक खासगी प्रकल्प' आला. विचारलं तर डेस्कवरून, म्हणजे बातम्या संपादित करणाऱ्यांकडून, उत्तर, "कायद्याची भानगड नको." बातमी नवव्या क्रमांकावर गेली. तिच्याआधीच्या ब्रेकमध्ये त्याच बिल्डरच्या व्हिलांची जाहिरात लागली तेव्हा दादांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

नव्याने येणाऱ्यांनी चतुर्थीच्या आधीचे दिवस नीट बघून ठेवावेत. लहान वाहिन्यांत त्या दिवसांत बातमीदाराच्या हाती माईकबरोबर जाहिरातीचं दरपत्रकही येतं. शुभेच्छांच्या जाहिराती, पुढाऱ्यांचे वाढदिवस, नव्या दुकानांची उद्घाटनं. मीही गेलो. एका आमदाराच्या कार्यालयात अर्धा तास बसलो, चहा घेतला, वाढदिवसाची जाहिरात घेऊन आलो. पुढच्याच आठवड्यात त्याच्या मतदारसंघातल्या उखडलेल्या रस्त्यावर त्याला प्रश्न विचारायचा होता. विचारला, पण आवाज कसा निघाला म्हणता! हातात थाळी घेऊन यजमानाला मीठ कमी पडलंय म्हणून सांगावं, तसा. टीआरपी हा शब्द त्या कार्यालयात मी फार क्वचित ऐकला. ऐकला तो हिशेब कुणाची जाहिरात थकली आहे याचा.

पुढे काही महिने गोव्याबाहेर एका सरकारी केंद्रात कॅज्युअल, म्हणजे हंगामी, म्हणून बातम्या लिहिल्या. तिथे जाहिरात आण असं कुणी म्हणालं नाही. आकडा दोनदा तपासल्याशिवाय पुढे जात नसे, आणि 'अतिवृष्टी' आणि 'मुसळधार' यांतला फरक मी तिथेच शिकलो. बुलेटिनचा क्रम मात्र बऱ्याचदा पदांच्या उतरंडीने लागायचा. वरच्या मंत्र्याचं उद्घाटन आधी, गावातली पाणीटंचाई नंतर, तीही 'उपाययोजना सुरू' या शेपटीसह. आंदोलनाची बातमी घ्यायला बंदी नव्हती, फक्त तिथे गाडी पाठवायचं कुणाला सुचत नसे.

याचं कारण माणसांच्या स्वभावात शोधू नका, रचनेत शोधा. दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा 1990 मध्ये मंजूर झाला आणि अंमलात यायला 1997 उजाडलं. कागदावर संस्था स्वायत्त आहे. पण मोठा निधी माहिती आणि प्रसारण मंत्रालयाच्या अनुदानातून येतो, आणि दूरदर्शन-आकाशवाणीच्या वृत्त विभागातले अनेक अधिकारी भारतीय माहिती सेवेतले असतात. त्याच सेवेतला माणूस काल पत्र सूचना कार्यालयात सरकारची प्रसिद्धी करत होता, आज बातम्यांचा प्रमुख आहे, परवा पुन्हा तिकडे. त्याच्याकडून सरकारला सवाल करायची अपेक्षा ठेवणं जरा अवघडच.

हे एका पक्षापुरतं नाही. आणीबाणीत आकाशवाणीला लोक 'ऑल इंदिरा रेडिओ' म्हणत. 2014 मध्ये सरसंघचालकांचं दसऱ्याचं भाषण दूरदर्शनने थेट दाखवलं तेव्हा वाद पेटला. 2017 च्या स्वातंत्र्यदिनी आपलं भाषण बदल केल्याशिवाय प्रसारित होणार नाही असं कळवण्यात आलं, असा आरोप त्रिपुराचे तेव्हाचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांनी केला होता. लोकांचा पैसा असला म्हणजे सरकारचा लगाम असतोच असंही नाही. बीबीसी मुख्यतः लोकांनी भरलेल्या परवाना शुल्कावर चालते. तिलाही इराक युद्धाच्या बातमीवरून झालेल्या हटन चौकशीनंतर, 2004 मध्ये, अध्यक्ष आणि महासंचालक दोघेही गमवावे लागले. पण निदान सरकारशी भांडण चव्हाट्यावर झालं.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. हा निकाल मुळातून वाचा. सरकारची मक्तेदारी नको, तशी चार धनवंतांचीही नको, हा त्यातला भाग मुलाखतीला जाताना माझ्या उपयोगी पडला आहे.

गोव्यात एक गोष्ट मला उशिरा कळली. 40 आमदारांच्या या राज्यात बाजारपेठ इवलीशी. खाणी थंडावल्या की तिकडच्या जाहिराती आटतात. बिल्डर, कॅसिनो, रुग्णालयं, खासगी शिक्षणसंस्था, आणि मग उरतं राज्य सरकारचं माहिती आणि प्रसिद्धी खातं. आमच्या वाहिनीचं मोठं गिऱ्हाईक सरकारच होतं. म्हणजे सरकारी बुलेटिन दिल्लीच्या अनुदानावर, आमचं पर्वरीच्या, म्हणजे राज्य सरकारच्या, जाहिरातींवर. विरोधकांवर आम्ही तुटून पडायचो, कारण त्यांच्याकडून बिल यायचं नव्हतं.

मग करायचं काय? मी एक वही ठेवली. रोज दोन्हीकडची बुलेटिनं बघून तिच्यात लिहायचो: बातमीचा क्रमांक, कोण किती सेकंद, शेवटचं वाक्य कुणाचं, आणि आज काय अजिबात आलं नाही. शेवटचा रकाना भरायला सकाळी दोन-तीन वर्तमानपत्रं वाचावी लागतात. महिनाभरात कुठल्या वाहिनीचा जीव कुणाच्या मुठीत आहे ते दिसू लागतं, आपल्या स्वतःच्या वाहिनीचाही. दुसरी सवय विधानसभेची. अधिवेशन सुरू असताना तारांकित आणि अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरं वाचायला बसा. सभागृहात मांडलेला आकडा कापायला डेस्क कचरतो. 'मंत्र्यांच्या उत्तरानुसार' हे शब्द असले की सरकारी बुलेटिनमध्येही अडचणीची बातमी जाते. डोंगरकापणीच्या परवानग्यांची माझी पुढची बातमी अशीच नावानिशी गेली, तीही तिसऱ्या क्रमांकावर. निवडणुकीत मतदान संपण्याआधीच्या 48 तासांचे प्रचारबंदीचे नियम पाठ करा, आणि राजकीय जाहिरातीला पूर्वप्रमाणपत्र लागतं, हेही. 'प्रायोजित' ही पट्टी लावायला कुणी विसरलं तर ती तुम्हीच मागून घ्या.

आधी कुठे लागू, असं विद्यार्थी विचारतात. मी सरकारी बुलेटिन सुचवतो, भाषेसाठी. वर्षभराने खासगी, धावण्यासाठी. दादांना हे पटत नाही, ते उलटा क्रम सांगतात. एक मात्र दोघेही सांगतो. खासगीत जाताना नियुक्तिपत्रात पगाराची तारीख लिहिली आहे का आणि जाहिराती आणण्याचं काम त्यात घातलंय का, ते सही करण्याआधी बघा. माझ्या पहिल्या पत्रात तारीख नव्हती. जाहिरातींचं कलम होतं, कमिशनच्या टक्क्यासकट.