सांबा शेअर गोगलगायीसारखा? सॉकेट ऑप्शन्सची ओळ बघा

लक्षण: उबंटू (लिनक्स) सर्व्हर, त्यावर सांबा, म्हणजे लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला वापरू देणारं सॉफ्टवेअर; विंडोज १० चे पीसी, सगळीकडे गिगाबिट नेटवर्क. तरी मोठी फाइल कॉपी करताना वेग सेकंदाला १५-२० एमबीच्या वर जात नव्हता. नेटवर्कचा वेग मोजणारं आयपर्फ मात्र सेकंदाला ९४० मेगाबिट (सुमारे ११७ एमबी) दाखवत होतं, म्हणजे केबल आणि स्विच निर्दोष. तरी केबल बदलली, अँटिव्हायरस बंद केला, कार्डाचा ड्रायव्हर नवा टाकला. दोन दिवस पाण्यात.

दोष एसएमबी डॉट कॉन्फ या सांबाच्या सेटिंग फाइलमध्ये निघाला. ग्लोबल विभागात जुन्या काळची ओळ होती: सॉकेट ऑप्शन्स, त्यात रिसीव्ह आणि सेंड बफर (येणारा-जाणारा डेटा क्षणभर ठेवायची जागा) दोन्ही ८१९२ बाइट. बफर असा हाताने बांधला की लिनक्स कर्नल तो गरजेप्रमाणे आपोआप वाढवत नाही.

आधी त्या सेटिंग फाइलची प्रत ठेवा. मग ती अख्खी ओळ काढा. आकडा वाढवत बसू नका. सेटिंग तपासणारी टेस्टपार्म ही कमांड चालवून चूक नाही ना ते बघा. शेवटी एसएमबीडी ही सांबाची सर्व्हिस रीस्टार्ट करा (रेड हॅटवर सर्व्हिसचं नाव नुसतं एसएमबी). रीलोड पुरत नाही, कारण चालू जोडण्या जुनाच बफर धरून बसतात.

तीच फाइल आता सेकंदाला ११० एमबीने जाते. हजारो बारीक फाइलींचा फोल्डर मात्र अजूनही रेंगाळतो. त्याचं दुखणं वेगळं.